ओ कुणी दिली

हेतलनं मशीन बंद केलं, आणि बंद केलेल्या मशीननं तिला ओ दिली.

आधी तिला वाटलं, आपलीच नजर चुकली. सकाळपासून पडद्याकडे बघून बघून डोळे चुरचुरत होते, वरच्या काचेच्या खोलीतला एसी नेहमीप्रमाणे घरघरत होता, आणि खालच्या रंगाई खात्यातला वाफेचा आणि ॲसिडचा आंबट वास जिना चढून दाराच्या फटीतून आत शिरत होता. तिनं पुन्हा पाहिलं. सर्व्हरवर मशीनच्या नावापुढे स्पष्ट लिहिलेलं होतं: बंद. आणि शेजारच्या काळ्या खिडकीत ओळी एकाखाली एक उतरत होत्या. उत्तर आलं, उत्तर आलं, उत्तर आलं. एकही चुकत नव्हती. पिंग म्हणजे दुसरं काय, हाकच ती. या पत्त्यावर कोणी आहे का, असं विचारायचं आणि तिकडून ‘आहे’ आलं की समाधान मानायचं. दसऱ्यानंतर हे समाधान हेतलच्या वाट्याला आलंच नव्हतं. थोडा वेळ उत्तर यायचं, मग शुकशुकाट, मग काही घडलंच नाही अशा थाटात पुन्हा उत्तर. आणि आता, ज्याला हाक मारायची त्यालाच तिनं स्वतःच्या हातानं झोपवलं होतं, तर ओ येत होती ती अशी ठणठणीत, की हाक मारायचा अवकाश! तिच्या हातावर सरसरून काटा आला. भीतीचा नव्हे. ओढताना जाळं अचानक जड लागलं की बापाच्या तोंडावर जे यायचं, तेच आत्ता आपल्या तोंडावर आलं असणार, असं तिला वाटलं आणि ती खुर्चीतून अर्धी उठली. सापडलं होतं. काय सापडलं ते अजून ठाऊक नव्हतं, पण सापडलं होतं.

ते मशीन म्हणजे तसं पाहिलं तर मशीनही नव्हतं. बोईसरच्या एमआयडीसीतल्या या कारखान्यात कापड रंगवत, आणि कोणत्या शेडला कोणता रंग किती घालायचा ही सगळी विद्या एका जुन्या कॉम्प्युटरच्या पोटात होती. मोठ्या शेठनी, म्हणजे आताच्या निमेशभाईंच्या वडिलांनी, तो आणला तेव्हा म्हणे सगळ्या कामगारांना पेढे वाटले होते. प्रोग्रॅम लिहून देणारा माणूस कधीच परदेशी निघून गेला होता, आणि प्रोग्रॅम असा हट्टी, की त्या कॉम्प्युटरच्या नेटवर्क कार्डाचा जन्मापासूनचा नंबर दिसला तरच चालणार, नाहीतर ढिम्म हलणार नाही. पुढे मोठे शेठ वारले. कॉम्प्युटरचा पडदा गेला, डिस्क कुरकुरायला लागली, आणि एकेक तज्ज्ञ येऊन मान हलवून चहा पिऊन जायला लागला. तेव्हा हेतल म्हणाली, मी करून बघू? ही हेतल म्हणजे गेटवर चलनं बनवणारी हेतल. कोळ्याची पोर, सालवडला भाड्याच्या खोलीत राहणारी, रोज संध्याकाळी मोबाइलवर काहीतरी बघत बसणारी. तिनं त्या जुन्या कॉम्प्युटरचं आतलं सगळं जसंच्या तसं उचललं आणि नव्या सर्व्हरच्या आत नेऊन वसवलं. त्याच्या पत्त्यासकट, कार्डाच्या नंबरासकट. व्हीएम म्हणतात त्याला. हात लावायला गेलं तर हाताला काही लागत नाही, पण काम सगळं करतं. खालच्या रंगाईच्या मशिनींना फरक कळलासुद्धा नाही. होळीपासून सगळं कसं गुण्यागोविंदानं चाललं होतं. निमेशभाईंनी तिला गेटवरून उचलून या काचेच्या खोलीत आणून बसवलं, आणि पहिल्या दिवशी या खोलीतून खाली वाफेत हलणारी माणसं बघताना तिला इतका आनंद झाला होता की तिनं कोणी बघत नाही असं पाहून खुर्चीत एक गिरकी घेतली होती.

आणि दसऱ्यानंतर हे सुरू झालं. खालच्या पॅनेलांवरचे दिवे मधूनच लाल व्हायचे, मधूनच हिरवे. काल तर कहर झाला. नेव्ही ब्ल्यूचा अख्खा लॉट जांभळट निघाला. निमेशभाईंनी ओला तुकडा उजेडात धरला, बोटांनी चोळला आणि म्हणाले, “हा तर आपला जुना नेव्ही. हा आपण उन्हाळ्यात बंद केला.” कोणालाच त्याचा अर्थ लागला नाही. मग ते वर आले, दारातच उभे राहिले. “हेतलबेन, उद्या वापीहून विनोद येतोय. त्याच्या कंपनीचं तयार पॅकेज आहे, बसायला माणूस पण त्यांचाच. जेवणाच्या सुट्टीपर्यंत तुझं ठीक झालं तर सवालच नाही. नाहीतर तू आपली परत गेटवर. वाईट वाटून नको घेऊ.” ते इतक्या हळू बोलले म्हणूनच तिला जास्त लागलं. कोणी खेकसलं असतं तर ती उलटून बोलली असती. गेट म्हणजे डिझेलचा धूर, खिडकीत डोकं खुपसून ‘मॅडम, जल्दी करो ना’ म्हणणारे ड्रायव्हर, आणि चलनाच्या प्रिंटरची ती किरकिर. ते तिनं केलं होतं, आणखीही करता आलं असतं. पण एकदा या खोलीत बसल्यावर, एकदा ‘हे मी केलं’ असं मनातल्या मनात म्हणून झाल्यावर परत तिथे जाऊन बसायचं, या कल्पनेनं तिला रात्रभर झोप लागली नव्हती. आज सकाळी शेअर रिक्षात दोन बायकांच्या मध्ये चेपून बसली असतानाही डोक्यात तेच होतं. आणि आत्ता ते नव्हतं. कुठे गेलं? त्या काळ्या खिडकीतल्या ओळी उतरत होत्या आणि हेतलला हसू फुटत होतं.

कोणीतरी दुसरं आहे. ती खोलीत दोन पावलं इकडे, दोन तिकडे चालायला लागली. त्याच पत्त्यावर कोणीतरी दुसरं आहे आणि ते ओ देतंय. पण पत्त्याची टक्कर आहे का, हे तर तिनं पहिल्याच दिवशी तपासलं होतं! एका पत्त्यावर दोन मशिनी आल्या की त्या भांडतात, तक्रार करतात, पडद्यावर इशारा येतो. प्रत्येकीच्या कार्डाचा नंबर वेगळा असतो, त्यावरून चोर पकडता येतो. इथे कोणी भांडलं नव्हतं. नंबर जेव्हा पाहावा तेव्हा तोच, बरोबर तोच, आपल्या व्हीएमचा. ती मध्येच थांबली. तोच नंबर. पत्ताही तोच आणि नंबरही तोच. मग भांडण होणार कसं? दोघांनाही वाटतंय की समोरचं जे आहे ते मीच आहे. आणि मधला स्विच, म्हणजे सगळ्या वायरी जिथे येऊन मिळतात तो खोलीतला डबा, बिचारा जो शेवटी बोलला त्याच्याकडे टपाल टाकतोय. एकदा याच्याकडे, एकदा त्याच्याकडे. म्हणून कधी उत्तर, कधी शुकशुकाट. “अगं बाई,” असं ती मोठ्यानं म्हणाली, आणि टाळीच वाजवायची बाकी राहिली.

आणि त्याच वेळी, अजिबात बोलावलं नसताना, तिच्या गावचा, दातिवऱ्याचा किनारा तिच्या डोळ्यांपुढे आला. होडी लागली की मासळीचे वाटे पडत. पुरुष होडीशीच गुंतलेले असत, म्हणून हाक त्यांच्या बायकांना. अमक्याची बायको, तमक्याची बायको, आणि ती पाटी घेऊन पुढे व्हायची. हेतल तेव्हा आईच्या कमरेएवढी होती. आईचं नाव हिरा, पण किनाऱ्यावर तिला हिरा कोण म्हणणार? “महादूची बायको!” अशी हाक आली, आणि आई नेहमीसारखी “ओ” म्हणाली, आणि तिच्या पाठोपाठ मागून आणखी एक ओ आली. कमळी होती ती. उमरोळीच्या स्टेशनाबाहेर मासळी घेऊन बसायची. बापाचं तिच्याकडे जाणंयेणं आहे हे साऱ्या गावाला ठाऊक होतं, पण ती अशी उजळ माथ्यानं, कपाळाला कुंकू लावून, रिकामी पाटी घेऊन इथवर येईल असं कोणाला वाटलं नव्हतं. कोणीतरी फिसकन हसलं. मग कोणीच हसलं नाही. दोघी पाट्या धरून उभ्या. आणि बाप? बाप दोराची गाठ सोडवत होता. साधी गाठ, रोजची, डोळे मिटून सुटेल अशी. ती त्या सकाळी त्याला सुटता सुटेना. त्यानं मान वर केली नाही. हिला ‘घे’ म्हणाला नाही, तिला ‘घे’ म्हणाला नाही. हेतलच्या हातात आईचं मनगट होतं, त्याला खवले चिकटलेले होते, ते मनगट एकाएकी सैल पडल्याचं तिला आत्ता, या एसीच्या गारठ्यातही, बोटांना जाणवलं. आई एक पाऊल मागे सरली. “चल गो, घरा जाव,” एवढंच म्हणाली. वाटा कमळीच्या पाटीत पडला. त्यानंतर ‘महादूची बायको’ म्हणून कोणी हाक मारली की आई ओ द्यायचीच नाही. समोर उभी असली तरी नाही. हिरा घुमी झाली, हिराला ऐकू येत नाय, हिराच्या डोक्यात कायतरी बिघडलाय, असं लोक म्हणायला लागले. वर्षानुवर्षं म्हणत आले, आणि खरं सांगायचं तर हेतललाही ते पटत आलं होतं.

“बिघडलं काहीच नाहीये,” ती त्या रिकाम्या खोलीत मोठ्यानं म्हणाली, आणि दचकली. कोणाबद्दल बोललो आपण? राग आला होता, केव्हाचा तरी जुना राग, आणि त्या रागातच आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. तिला दोन्ही एकदम सोसवेना. तिनं स्विचला विचारलं: हा नंबर आत्ता तुझ्या कोणत्या पोर्टावर, कोणत्या वायरीच्या भोकावर दिसतो? इतके दिवस हा प्रश्न विचारला असता तर उत्तर इकडून तिकडे उड्या मारत राहिलं असतं. आता व्हीएम झोपलेलं, म्हणजे जे कोणी आहे ते एकटंच आहे. स्विचनं मुकाट्यानं पोर्ट सांगितला. त्या पोर्टात एक पांढरी वायर होती, बाकीच्या सगळ्या निळ्या. ही पांढरी जुनी, मोठ्या शेठच्या काळातली. ती भिंतीच्या भोकातून बाहेर पडून खाली गेली होती. काचेपलीकडे निमेशभाईंच्या केबिनमध्ये लॅपटॉपची बॅग मांडीवर घेऊन एक मनुष्य बसला होता, म्हणजे विनोद आला होता, आणि त्याच्यापुढे चहाही आला होता. हेतल जिन्याकडे धावली.

वर बघत चालणाऱ्या माणसाला कारखान्यात जागा नसते. पांढरी वायर छताखालच्या पत्र्याच्या पट्टीवरून, वाफेच्या पाइपांच्या बगलेतून चालली होती आणि तिच्यामागे, मान उंच करून, हेतल. तिचा पाय गटारातल्या गुलाबी पाण्यात गेला, खांदा कापडाच्या ट्रॉलीवर आपटला, कोणीतरी ओरडलं, “अरे मॅडम, ऊपर क्या देख रही हो, नीचे पानी है!” आणि ती “दिसलं, दिसलं” म्हणत हसत पुढे. अंगाला घाम फुटला, ओढणी पाइपाला लागून गरम झाली. लहानपणी ओहोटीला खेकड्याच्या मागावर अशीच ती चिखलातून जायची, आणि आई काठावरून शिव्या घालायची. तेव्हा अजून आई मोठ्यानं शिव्या घालत असे. वायर एका खांबाला वळसा घालून कलर किचनच्या दारावरून आत गेली. कलर किचन म्हणजे रंग तोलण्याची खोली, आणि तिथे तराजूपुढे, हात कोपरापर्यंत निळे झालेला, दामू उभा होता. दामू आतल्या डोंगरी गावातला, मोठ्या शेठनी ठेवलेला जुना माणूस.

“ताई!” तो तोंड भरून हसला. “बत्ती हिरवी झाली बघ. कवाधरना एकसारखी हिरवी हाय. केलास ना तू शेवटी?”

पॅनेलावरचा दिवा खरंच हिरवा होता, डोळा न लवता हिरवा. असणारच हिरवा. बोलणारं आता एकच उरलंय, आणि ते आपलं नाही.

“दामूदादा, काय तोलतोस तू?”

“नेव्ही. ही काय चिठ्ठी आली मशीनमदना.”

तिनं चिठ्ठी ओढून घेतली. आकडे तिला पाठ होते, आणि हे ते नव्हते. हे उन्हाळ्याच्या आधीचे होते. जुन्या कॉम्प्युटरचं आतलं तिनं ज्या दिवशी उचलून वर नेलं, त्या दिवसाचे. “ठेव. ठेव खाली! एक चमचासुद्धा टाकू नको!” ती इतक्या मोठ्यानं ओरडली की दामूच्या हातातलं भांडं डुचमळलं. आणि तोवर तिची नजर पुन्हा वर गेली होती. पांढरी वायर दामूच्या डोक्यावरून मागच्या अडगळीच्या खोलीत उतरली होती.

तिथे रंगाचे रिकामे ड्रम होते, फाटकी गोणपाटं होती, आणि कोपऱ्यात एका लाकडी पाटावर तो जुना कॉम्प्युटर होता. वर सुकून करकरीत झालेली झेंडूची माळ, कपाळी कुंकवाचा टिळा, पुढ्यात खोबऱ्याचा वाळका तुकडा, त्याला मुंग्या. पडदा काळा ठार. पण मागे, वायर जिथे शिरत होती तिथे, तांदळाएवढा एक हिरवा दिवा लुकलुकत होता. हेतलनं वाकून कॅबिनेटवर तळवा ठेवला. गरम. आतला पंखा फिरत होता. भिंतीपलीकडे एवढ्या मशिनी धडधडत असताना त्याचा आवाज कोणाला ऐकू जाणार? ती त्या ड्रमांच्या मधे उकिडवी बसली आणि खदखदून हसायला लागली. हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं. “तू होय रे,” ती त्या पत्र्याला म्हणाली. “तू ओ देतोस होय!”

“यो चालू हाय?” दामू दारात येऊन उभा राहिला होता. त्याचं तोंड उतरलं. “ताई, मी नाय केला. आयशप्पथ. खंडेनवमीला शेठ आला. बोलला, सगल्या मशीनची पूजा झाली, पप्पांच्या मशीनची पन करू. वायरी होत्या तशा लाव, बोलला. मी लावल्या. सगल्या. मंग शेठनी हार घातला, आन बटन दाबला. बंद मशीनची पूजा नाय करत, बोलला. पन काय झाला नाय. पडदा कालाच. शेठ जरा टाईम उभा रायला, हात जोडलान, गेला.” तो आवाज खाली आणून म्हणाला, “डोले पुसत होता. शेठला नको सांगू, ताई. लावून घेईल मनाला.”

नको सांगू. किती सोपं होतं ते! वायरीच्या टोकाला प्लॅस्टिकची एवढीशी क्लिप, ती दाबली की झालं. वर जायचं, व्हीएम चालू करायचं, म्हणायचं, एक केबल सैल होती, बसवली. शेठची लाज राखली जाईल, दामूचा जीव भांड्यात पडेल. आणि विनोद हसून म्हणेल, अशा जुगाडाचा काय भरवसा, आज केबल, उद्या आणखी काही. आणि तेही खरंच वाटेल सगळ्यांना. व्हीएम बिघडतं. हेतलचं व्हीएम घुमं झालंय. तिचं बोट क्लिपवर होतं. ते तिथेच राहिलं.

“हेतलबेन! अरे, झालं की!” निमेशभाईंचा आवाज आला. ते कलर किचनमधून आत येत होते, मागे विनोद. पॅनेलं हिरवी बघून ते स्वतः खाली आले होते, चेहरा नुसता फुलला होता. “मी विनोदला तेच म्हटलं, आमची हेतलबेन काढणार शोधून. काय होतं?”

“आत्ता स्टेबल दिसतंय,” विनोद सभ्यपणे म्हणाला. “पण सर, असल्या सेटअपचं काय आहे...”

“झालं नाही, निमेशभाई,” हेतल म्हणाली. उठून उभी राहिली. “मी माझं बंद करून आले आहे. हे बोलतंय ते माझं नाही.”

“मग कोण बोलतंय?”

या कारखान्यात शेठची चूक शेठला कोणी सांगत नसे. शेठची चूक ही कामगाराची, नाहीतर सप्लायरची, नाहीतर विजेची असायची. हेतलचं पाऊल आपोआप मागे सरकायला लागलं, तिच्या लक्षात यायच्या आधीच, आणि टाच मागच्या ड्रमला लागली. ड्रम बोंबलला. मागे जागाच नव्हती. आणि मग ती जी सुटली ती सुटलीच. “तुम्ही चालू केलेलं बोलतंय. खंडेनवमीला तुम्ही बटण दाबलंत ना? ते लागलं होतं! पडदा मेलाय म्हणून दिसलं नाही. तेव्हापासून हे इथे चालू आहे, माझं वर चालू आहे, दोघांचा पत्ता एक, दोघांचा नंबर एक, मशिनींनी विचारलं की कधी हे सांगतं, कधी ते सांगतं. याच्याकडे जुने आकडे आहेत. म्हणून कालचा नेव्ही जुना निघाला. माझं व्हीएम एकदाही बिघडलं नाही, निमेशभाई. एकदाही नाही.”

बोलून झाल्यावर तिला दम लागला होता. दामू जमिनीकडे बघत होता. विनोदनं बॅगचा पट्टा या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतला. निमेशभाईंच्या चेहऱ्यावरचं हसू अर्धवट तिथेच राहून गेलं होतं.

“लागलं होतं?” ते म्हणाले.

“हो.”

“पण मी उभा होतो इथे. काहीच झालं नाही. मला वाटलं...” त्यांनी वाक्य सोडून दिलं. ते पुढे झाले, माळ हलक्या हातानं बाजूला केली आणि कॅबिनेटवर हात ठेवला. चटका बसल्यासारखा उचलला, परत ठेवला. “गरम आहे,” ते दामूला म्हणाले. मग विनोदला म्हणाले, “गरम आहे. हात लावून बघ.” विनोदनं बिचाऱ्यानं हात लावून पाहिला. “पप्पांचं मशीन इतके दिवस काम करतंय! आणि मी कालचा लॉट बघून शिव्या घालत होतो.” ते हसत होते आणि नाक ओढत होते, आणि हेतललाही भरून आलं होतं, कारण इतका आनंद एकट्या माणसाच्या तोंडावर मावत नाही, तो आजूबाजूला सांडतोच. मग ते तिच्याकडे वळले, लहान मुलाच्या उत्साहानं. “मग राहू दे ना दोन्ही! तुझं पण, पप्पांचं पण. काय?”

“नाही राहत!”

स्वतःचाच आवाज ऐकून ती थक्क झाली. पण आता थांबायचं नव्हतं.

“एका पत्त्यावर दोन नाही राहत. दोघंही ओ देतात, आणि मग त्यातलं एक गप्प होतं, आणि सगळे म्हणतात ते बिघडलं. तुम्ही ‘राहू दे दोन्ही’ म्हणून चालणार नाही. कोणाला ठेवायचं ते तुम्ही सांगायचं. मी नाही सांगणार, दामूदादा नाही सांगणार. तुम्ही सांगा. आत्ता, इथे, सगळ्यांसमोर.”

“मॅडम, आवाज...” विनोद म्हणाला. “सर, दोन्ही काढून टाकलं तर हा प्रश्नच राहत नाही.”

निमेशभाईंनी त्याच्याकडे पाहिलंही नाही. ते हेतलकडे बघत होते, आणि ही मुलगी नेमकी कशावर एवढी थरथरते आहे हे त्यांना कळलं नसावं, पण ती थरथरते आहे हे कळलं होतं. त्यांनी एकदा कॅबिनेटकडे पाहिलं, एकदा वर, काचेची खोली ज्या बाजूला होती तिकडे. हेतल त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. त्यांनी मान खाली घातली नाही.

“तुझं ठेव,” ते म्हणाले. “कामाला तुझं.”

आणि खाली वाकून त्यांनी स्वतःच वायर धरली. क्लिप त्यांना सापडेना, भलतीकडेच दाबायला लागले. हेतलनं मदत केली नाही. तिला त्यांनीच काढायला हवी होती. टक्‌ असं झालं, हिरवा ठिपका विझला. पंखा मात्र फिरतच राहिला. बाहेर पॅनेलांवरचे दिवे एकजात लाल झाले आणि कोणीतरी हिंदीत बोंब ठोकली.

“हे चालू राहील ना?” निमेशभाईंनी विचारलं. वायर त्यांच्या हातातच होती.

“राहील. पण आता कोणाशी बोलणार नाही.” हे म्हटलं मात्र, आणि तिला कसंतरीच झालं. चालू राहील, गरम राहील, कोणाशी बोलणार नाही. तिला ते अजिबात सहन झालं नाही. “थांबा,” ती घाईघाईनं म्हणाली. “मी याला नवं कार्ड बसवते. नंबर नवा, पत्ता नवा. त्याचा स्वतःचा. प्रोग्रॅम नाही चालणार मग त्याच्यावर. पण हाक मारली तर ओ देईल.”

“प्रोग्रॅम नको चालू दे,” निमेशभाई म्हणाले. “ओ देईल ना?”

“देईल. नक्की देईल.”

“मग बसव.” ते सरळ उभे राहिले, नाक पुसलं आणि विनोदच्या खांद्यावर हात ठेवला. “विनोद, तू जेवून जा हां. एवढा लांबून आलास.”

हेतल रडत होती. शेठसमोर, परक्या माणसासमोर, हात लावून लावून काळ्या झालेल्या बोटांनी डोळे पुसत, आणि तिला त्याची जराही लाज वाटत नव्हती, इतकं मोकळं वाटत होतं. दामू तिच्याकडे बघून काय करावं ते न कळून तराजूचं भांडं हातात घेऊन उभा होता.

“दामूदादा,” ती म्हणाली, “ती चिठ्ठी फाडून टाक. आन दिवा हिरवा होईस्तवर काय तोलू नको. मी वर जाते, माझा चालू करते.” आणि ओढणी कमरेला खोचून ती जिन्याकडे धावत सुटली.